मंडईतला धडा

पुण्यात राहून मंडईत पाऊल न टाकलेला माणूस विरळाच. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी वास्तू १८८६ साली उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाऊ लागली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लागावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे मंडईला नाव लाभले ते मात्र त्यांचेच!

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी तिथे वीस रुपयांची मेथीची जुडी पंधराला मागितली.

"पहाटे तीनला उठून आणलीय, दादा," मावशी म्हणाल्या. "पण घ्या, भवानीची वेळ आहे." वर कोथिंबिरीच्या चार काड्याही घातल्या.

विजयी मुद्रेने चार पावले गेलो आणि थबकलो. 'शेतकऱ्याचा असूड' मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे! परत फिरून पाच रुपये पुढे केले.

"राहू द्या. एकदा ठरलेली भवानी मोडायची नसते."

तेव्हापासून मंडईत मी भाव विचारतो. पाडून मागत नाही.