यांच्या त्या मातोश्री होत

खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा काम संपलं की मॅटर सोडायचं आणि खिळे आपापल्या खणात परत टाकायचे, अशी रीत होती. दोन मॅटर मात्र आमच्या छापखान्यात कधीच सोडली जात नसत. एक लग्नपत्रिकेचं, दुसरं दशक्रियेच्या पत्रिकेचं. सुतळीने आवळून ती फळीवर ठेवलेली असायची. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' इथपासून 'शोकाकुल' इथपर्यंत सगळं तयार. गिऱ्हाईक आलं की नाव, गाव, तारीख आणि घाटाचं ठिकाण तेवढं बदलायचं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कितीतरी आयाबाया त्या एकाच सुतळीत बांधल्या गेल्या. पुढे ट्रेडल गेलं, संगणक आला, श्रीलिपी आली, आता फ्लेक्स आहे. सुतळीचं काम आता फाइल करते.

ही फाइल मी वापरत नाही, त्यामुळे धंद्यातले लोक मला चक्रम समजतात. गिऱ्हाईक आईचं सावडणं उरकून आलेलं असतं, घरात पाहुणे असतात, त्याला घाई असते. तो म्हणतो, "नेहमीचं टाका." मी त्याला चहा देतो आणि विचारतो, आई काय करायची? उत्तर ठरलेलं: प्रेमळ होती, मनमिळाऊ होती, फार कष्ट केले हो तिने. मी पुन्हा विचारतो, कसले कष्ट? "शेतातले." शेतात काय? इथे बहुतेक मुलं थांबतात. आईने ऊस खुरपला की बेणं तोडलं, धार कोण काढायचं, डेअरीला दूध कोण घालायचं, हे पन्नाशीच्या माणसाला आठवून सांगावं लागतं.

नातवंडांचं तसं नसतं, हा माझा पक्का अनुभव. निमगाव केतकीकडचं एक कुटुंब आलं होतं. तो भाग पानमळ्यांचा. मुलगा 'कष्टाळू' या शब्दावर अडून बसलेला. त्याच्याबरोबर आलेला कॉलेजातला नातू मध्येच म्हणाला, "रेशनच्या मशीनवर आजीचा अंगठाच उठायचा नाही. पानं खुडून खुडून रेषा गेल्या होत्या." बापाला हे पत्रिकेत नको होतं, लोक काय म्हणतील म्हणून. अंगठा राहिला बाजूला. पण 'जन्मभर पानमळ्यात पाने खुडून संसार उभा केला' एवढी ओळ मी घालायला लावली. पत्रिका वाचून त्या गावातल्या दुसऱ्या बायांना ही बाई नेमकी कोण ते कळलं असणार. प्रेमळ तर सगळ्याच असतात.

नवऱ्याला सहसा कुणी विचारत नाही. तो कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला असतो आणि मुलं त्याच्या वतीने बोलतात. मी मुद्दाम त्याच्याकडे वळतो. एक म्हातारबाबा बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "हिशोब तिच्याकडं असायचा. कुणाकडून किती यायचंय, मला काय ठावं नाही." उसाचं बिल त्यांच्या नावावर यायचं, सातबारा त्यांच्या नावावर, आणि अख्ख्या घराचा व्यवहार एका शाळा न शिकलेल्या बाईच्या डोक्यात. पत्रिकेत मी लिहिलं: 'घरचा हिशोब शेवटपर्यंत त्यांनी सांभाळला.' बाबांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली.

विशेषणांऐवजी काम सांगितलं की बाई कशी दिसते, याचा नमुना आमच्या तालुक्यातच आहे. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी लागते. तुकोबारायांची पालखी इथूनच सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, आणि काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. त्याच काटेवाडीच्या शारदाबाई गोविंदराव पवार. जन्म १२ डिसेंबर १९११, माहेर पन्हाळा तालुक्यातलं गोलिवडे. अकरा मुलांची आई. आता एवढ्यावर थांबलं असतं तर 'प्रेमळ माता' यापुढे काही उरलं नसतं. पण १९३८ साली त्या पुण्याच्या लोकल बोर्डावर निवडून आल्या. १९४० च्या डिसेंबरात, त्यांच्याच वाढदिवसाला, त्यांचा मुलगा शरद पवार यांचा जन्म झाला, आणि तीन दिवसांचं ते पोर घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला पुण्याला गेल्या, हा किस्सा खुद्द शरदराव सांगत आले. एका पिसाळलेल्या वळूने त्यांना जायबंदी केलं आणि पुढचं सारं आयुष्य त्यांनी कुबडी घेऊन काढलं. घर शेतकरी कामगार पक्षाचं. १९६० च्या पोटनिवडणुकीत थोरला मुलगा वसंतराव शेकापकडून उभा आणि धाकटा शरद काँग्रेसचा कार्यकर्ता. घर भावाच्या बाजूने असताना आईने त्याला त्याच्या पक्षाचा प्रचार करू दिला.

बोर्ड, तान्हं पोर, कुबडी, निवडणूक. यात एकही विशेषण नाही आणि बाई डोळ्यांपुढे उभी राहते. लोक म्हणतील, मुलगा मोठा झाला म्हणून आईच्या गोष्टी उरल्या. खरं आहे. मुलगा मुख्यमंत्री झाला १९७८ साली. आई १९७५ मध्येच गेली होती. मुलगा मोठा झाला नसता तर १९३८ चं बोर्ड कुणी धुंडाळलं असतं? पण उलटंही बघा: बोर्डावर त्या निवडून आल्या तेव्हा हा मुलगा जन्मलेलाही नव्हता. आज माळेगावजवळच्या शिक्षणसंकुलाचं नाव शारदानगर आहे, तिथल्या महिला महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे. आमच्याकडे पत्रिका करायला येणाऱ्या कित्येक घरांतल्या मुली तिथे शिकतात.

वर गोलिवड्याचं नाव मी मुद्दाम घातलं. दशक्रियेच्या पत्रिकेत मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडं, पतवंडं, भावकी, समस्त ग्रामस्थ, अगदी मित्रमंडळसुद्धा असतं. माहेर नसतं. भाऊ-भाचे दशक्रियेला येतात, पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबतात, आणि तरी बाई कुठल्या गावात जन्मली हे कुठेच छापलेलं नसतं. मी ते विचारतो. इंदापूर तालुक्यात हा प्रश्न कधीकधी अवघड जागी जातो, कारण भीमाकाठची माहेरं उजनीच्या पाण्याखाली गेलेली. धरण १९८० साली पुरं झालं आणि नदीकाठची गावं उठून वर माळावर गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की उन्हाळ्यात उघडं पडतं, लोक फोटो काढायला जातात. एका पत्रिकेत आम्ही छापलं: 'माहेर: जुने पळसदेव.' मुलाला वाटलं, छपाईची चूक दिसेल. त्याची मावशी मात्र 'जुने'च ठेवा म्हणाली.

फोटोबद्दलही बोललं पाहिजे. बाईचा एकटीचा फोटो घरात सापडतच नाही. लग्नाच्या घोळक्यातून नाहीतर आधारकार्डावरून कापून आणतात. मग शेजारच्या कुणाचा तरी खांदा पुसा, मागचा मांडव पुसा, पदर सारखा करा. नवरा आधी गेलेला असेल तर 'गं. भा.' लावायचं आणि कपाळ मोकळं ठेवायचं. नवरा मागे असेल तर 'कै. सौ.' आणि ठसठशीत कुंकू. 'सवाष्ण गेली, भाग्याची' असं पाहुण्यांत कौतुकाने बोललं जातं. मला ते कधी पटलं नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही तो इतर गावांपुढे ठेवला. तेव्हापासून एखादी सून हळूच म्हणते, "गं. भा. नको, नुसतं 'श्रीमती' टाका." मी आनंदाने टाकतो.

राहिली वर्तमानपत्रातली चार ओळींची निधनवार्ता. 'त्यांच्या पश्चात पती, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. अमुक संस्थेचे संचालक तमुक यांच्या त्या मातोश्री होत.' नात्याचा मला राग नाही. पंचायत समितीच्या सभापतीची आई गेली हे गावाला कळायलाच हवं, आणि नातवाच्या लेखी ती आजी असते, तेवढंच त्याला पुरतं. पण मुलाचं पद आणि बाईचं काम यांत जागेची मारामारी झाली की मी बाईच्या बाजूने असतो. संचालकसाहेबांचं पद गावाला पाठ असतं.

म्हणून एक विनंती. आमच्याकडे असो की दुसऱ्या कुठल्या छापखान्यात, येताना आईच्या माहेरचं नाव लिहून आणा. ती पहाटे उठून आधी काय हाती घ्यायची, ते तिच्या बहिणीला, जावेला, नाहीतर नातवंडांना विचारून आणा. फोटोतला घोळका कापू नका, तो आम्ही कापू. आणि चार ओळी जास्त झाल्या तर काळजी करू नका; पैसे पत्रिकेच्या आकाराचे घेतो, मजकुराचे वेगळे लागत नाहीत.