दैवगति आणि सत्तावीस

‘होणारें चुकत नाहीं’ हें वाक्य आपल्याकडे सांत्वनासाठीं जितकें उपयोगी पडतें, तितकेंच आळसाच्या समर्थनासाठींहि पडतें. पूर्वीं या वाक्याच्या पाठीशीं पंचांग असे. आतां संगणकहि उभा राहिला आहे. परीक्षेंत अपयश आलेला माझा एक बुद्धिमान विद्यार्थी गेल्या वर्षीं मला म्हणाला, “सर, संगणकाची आज्ञावली नेमून दिलेल्या नियमांबाहेर पाऊल टाकीत नाहीं. माणसाचा मेंदूहि तसाच बांधलेला असेल, तर माझा निकाल आधींच लागलेला आहे. पुन्हा अभ्यास करून काय होणार?”

मीं त्याला एक हिशेब घातला. कोणतीहि संख्या घ्यावी. ती सम असल्यास निम्मी करावी, विषम असल्यास तिप्पट करून तींत एक मिळवावा. आणि एक येईपर्यंत हाच क्रम चालवावा. २६ पासून निघालों तर १० पायऱ्यांत एकावर येतों. शेजारच्या २७ ला मात्र १११ पायऱ्या लागतात, आणि वाटेंत ती ९२३२ पर्यंत चढून जाते. कोलाट्झ या जर्मन गणित्याच्या नांवानें हा प्रश्न ओळखला जातो. प्रत्येक संख्या शेवटीं एकावर येतेच, हें अद्याप कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं. येथें यदृच्छेला तिळाएवढीहि जागा नाहीं. नियम शाळकरी मुलाला समजेल इतका सोपा आहे. तरीहि २७ चें पुढें काय होतें असें कोणी विचारल्यास, ‘करून पाहा’ यापलीकडे सरळ उत्तर नाहीं.

याहून खोल गोष्ट इंग्रज गणिती ॲलन ट्यूरिंग यानें १९३६ सालीं दाखविली. पुढें रूढ झालेल्या मांडणीप्रमाणें तिचें सार असें: कोणतीहि आज्ञावली कधींतरी थांबेल कीं अखंड चालत राहील, हें न चुकतां सांगणारा एक यांत्रिक ज्योतिषी आहे अशी कल्पना करूं. मग एक हट्टी आज्ञावली रचावी. तिनें त्या ज्योतिष्याला स्वतःचेंच भविष्य विचारावें. तो ‘थांबशील’ म्हणाला तर चालत राहावें, ‘चालत राहशील’ म्हणाला तर थांबावें. ज्योतिषी खोटा पडतो. म्हणून असा ज्योतिषी असूंच शकत नाहीं. आणि ही हट्टी आज्ञावलीसुद्धां नियमांना पूर्ण बांधलेलीच आहे!

यावरून माणसाची इच्छा स्वतंत्र आहे असें सिद्ध होत नाहीं, आणि तसा माझा आग्रहहि नाहीं. सिद्ध होतें तें एवढेंच कीं, ठरलेलें असणें आणि आधीं कळणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘सारें ठरलेलें आहे’ असें म्हणतां म्हणतां निराश मनुष्य असें मानूं लागतो कीं, तें आपल्याला ठाऊकहि आहे, आणि तें वाईटच आहे. शिवाय २७ चा शेवट एकांत होणें ठरलेलें असलें, तरी त्या १११ पायऱ्यांतील एकहि पायरी गाळून तो होत नाहीं. विद्यार्थ्याचा अभ्यास, आईची शुश्रूषा, शेतकऱ्याची पेरणी याहि हिशेबांतल्याच पायऱ्या आहेत. हिशेब कोणीं आधींच मांडून ठेवला असेलहि. पण तो आपल्याच हातून सुटावयाचा आहे, आणि कसा सुटतो हें सोडविल्यावांचून आपणांस कळावयाचें नाहीं.