बाळाची पेटी आणि काटकसरीची पाळी

काटकसर हा आमच्या घराण्याचा वडिलोपार्जित गुण आहे, असें आम्ही आजवर मोठ्या अभिमानानें सांगत आलों. तो अभिमान अगदींच वृथा होता असें नाहीं; परंतु त्या काटकसरींत आमचा स्वतःचा वांटा किती व दुसऱ्याचा किती, हा हिशेब मात्र आम्हीं कधींच केला नव्हता. तो करण्याचा प्रसंग दोन वर्षांपूर्वीं आला. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस तो उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

आमचें घर बारामतीस आहे. आम्ही तिघे भाऊ एकत्र राहतों. चूल एक आणि खर्चाची वहीहि एकच. ती लिहिण्याचें काम वडील भाऊ या नात्यानें आमच्याकडे आहे. माडीवर एक सागवानी पेटी असते. तींत झबलीं, टोपडीं, कुंच्या, दुपटीं आणि चांदीचे वाळे. शेजारीं सुटा करून ठेवलेला पाळणा. घरांत मूल जन्मास आलें म्हणजे पेटी खालीं उतरते, आणि तें चालूं लागलें म्हणजे सर्व कपडे धुऊन, मधून मधून वेखंडाचे तुकडे घालून ती पुन्हा माडीवर जाते. अर्भकाच्या अंगास प्रथम नवें वस्त्र लावूं नये, धुऊन धुऊन मऊ झालेलें जुनें लावावें, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. तिच्या मागें दृष्टीची समजूत असेल. पण नव्या कापडाची खळ कोंवळ्या कातडीस सोसत नाहीं, हें कारणहि कांहीं कमी नाहीं. शिवाय मूल वाढतें इतक्या झपाट्यानें कीं, झबलें विरण्यापूर्वींच तोकडें होतें. तेव्हां पेटी फिरती ठेवण्यांत शहाणपण आहे, याविषयीं आजहि आमच्या मनांत संशय नाहीं.

ही पेटी प्रथम भरली ती आमच्या थोरल्या चिरंजीवांसाठीं. त्या वेळीं दोनचार झबलीं सोडलीं तर सारें नवें होतें. पुढें मधल्या बंधूंच्या दोन मुलांनीं तीच पेटी वापरली. धाकट्या भावजयीचें माहेर इंदापूरचें. तिचें पहिलें बाळंतपण तिकडेच झालें. आणि तिसऱ्या महिन्यांत निमगांव केतकी, सणसर अशी वाट करीत ती बाळासह घरीं आली. पेटी उघडली गेली. आम्ही मोठ्या ऐटीनें म्हणालों, "पाहा, हें घरांतील चौथें मूल, आणि कपड्यांस एक पै खर्च नाहीं!" ती कांहीं बोलली नाहीं, एकेक झबलें हातांत घेऊन घडी घालीत राहिली.

आठ दिवसांनीं बाळाचें छायाचित्र काढलें. मातुःश्रींनीं जुनीं चित्रें काढून शेजारीं मांडलीं. चार मुलें आणि कुंची तीच! सर्व हंसलों, ती हंसली नाहीं. रात्रीं तिनें आमच्या सौभाग्यवतींस सांगितलें, "वहिनी, कपडे जुने आहेत याचें मला वाईट वाटत नाहीं. माहेरींहि आम्हीं जुनेंच वापरलें. पण या घरांत जें जें येतें, तें माझ्यापर्यंत सर्वांच्या शेवटीं येतें. आणि धुणें मात्र सर्वांच्या आधीं येतें."

हें वाक्य आमच्या कानीं आलें तेव्हां प्रथम राग आला, आणि मग लाज वाटली. तिच्या वडिलांची थोडी शेती आहे, ती नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे. भाटघर व वीर येथील सांठ्यांवर चालणारा हा कालवा बारामती तालुक्यांतून पुढें इंदापूर तालुक्यांत जातो. मुखाकडच्या शेतास पाणी लौकर व पुरतें मिळतें. शेपटाकडे तें उशिरां आणि उणें पोंचतें. म्हणूनच पाण्याची पाळी शेपटाकडून सुरू करावी, असें तत्त्व पाटबंधाऱ्याच्या व्यवहारांत मांडलें गेलें. शेताच्या पाण्याविषयीं हा न्याय आम्हांस मान्य होता. घरांतील पेटीविषयीं तो सुचला मात्र नाहीं, कारण आम्ही स्वतः मुखाकडे बसलों होतों.

त्या रात्रीं वही उघडली. बाजारी डायपर दिवसाला सहा धरले व एकास दहा रुपये पडले, तर दिवसाचे ६० आणि महिन्याचे १,८०० रुपये होतात. जुन्या सुती धोतरांचे व लुगड्यांचे लंगोट करून ही रक्कम वांचविली, असें आम्हीं वहींत समाधानानें नोंदविलें होतें. परंतु दररोजचे वीस लंगोट धुवावयाचे, पावसाळ्यांत तव्यासारख्या तापलेल्या इस्त्रीनें वाळवावयाचे, आणि रात्रीं चार वेळां उठून बदलावयाचे, हें कोणीं केलें? त्याचा रकाना वहींत नव्हता. १,८०० रुपये जमेकडे होते. एका बाळंतिणीची झोंप खर्चाकडे कोठेंच लिहिलेली नव्हती.

दुधाचीहि तीच गोष्ट. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचेंच दूध द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानें बाळाच्या दुधाच्या भुकटीची व बाटल्यांची जाहिरात करण्यास आणि आयांस फुकट नमुने वाटण्यास बंदी आहे. आईचें दूध फुकट मिळतें असें आपण सहज म्हणतों. पण तें फुकट नव्हे. आईच्या जेवणांतून, विश्रांतींतून तें येतें. भुकटीचा डबा आणला नाहीं म्हणून वांचलेले पैसे अळीव, डिंक, तूप, भाजीपाला व फळें यांकडे वळले नाहींत, तर ती काटकसर नव्हे, नुसता दुसऱ्याच्या ताटांतला घांस काढून घेणें होय.

दुसऱ्या दिवशीं मातुःश्रींसमोर सर्व बसलों, आणि कांहीं गोष्टी ठरल्या. लंगोट दिवसा, रात्रीं आणि प्रवासांत विकतचे डायपर. लंगोट धुण्याची पाळी घरांतील सर्वांची, पुरुषांचीहि. आम्ही पहिल्या दिवशीं दोरीवर लंगोट वाळत घालीत असतां शेजारचे गृहस्थ कौतुकानें पाहात राहिले. आतां त्यांस संवय झाली आहे. पेटींतील कपडे वापरावयाचे, पण प्रत्येक मुलासाठीं कांहीं वस्त्रें नवीं घ्यावयाचीं, आणि तीं त्याच्या आईनें निवडावयाचीं.

कोणत्या वस्तू फिरवूं नयेत, हेंहि तेव्हांच ठरलें. जुन्या बाटलीचें बूच, उरलेलीं औषधें, रंगाचे पापुद्रे निघालेलीं खेळणीं पेटींतून काढून टाकलीं. पाळण्याच्या कड्या व दोर सुताराकडून तपासून घेतले. एका स्नेह्यानें चाकांचा वॉकर देऊं केला होता, त्यास नम्रपणें नकार दिला. पडून इजा होते म्हणून कॅनडानें २००४ सालीं त्याची विक्रीच बंद केली आहे. पूर्वींचा लांकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभें राहून ढकलतें. तो वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं पुरे. लशींविषयीं तर प्रश्नच नाहीं. १९८५ सालीं सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमांतील लशी सरकारी दवाखान्यांत व आरोग्य केंद्रांत विनामूल्य टोंचतात. तेथें पैसा नव्हे, तर ठरलेली तारीख जपावयाची असते.

धाकट्या भावजयीनें जीं वस्त्रें निवडलीं त्यांत एक पिवळी कुंची होती. तिला फार पैसे पडले नाहींत. पण ती बाळास घालतांना तिच्या मुखावर जो आनंद दिसला, तो आमच्या काटकसरीनें आजवर कोणासहि दिला नव्हता.

गेल्या वर्षीं तिच्या भावाच्या घरीं इंदापुरास पाळणा हलला. पेटी पाठवावी काय, असें आधीं विचारलें. होकार आल्यावर विरलेलें, डागाळलेलें सर्व वगळून, बाकीचें धुऊन इस्त्री करून ती पाठविली. वर एक कोरें झबलें ठेवलें, म्हणजे घेणाऱ्यास पेटी उतरलेली वाटूं नये. तेथून ती परत येईल, आणि घरांत पुढें कोणाची पाळी येईल त्याच्याकडे जाईल.

वही अद्याप आम्हीच लिहितों. काय वांचलें याच्या पुढें आतां एक रकाना अधिक आंखला आहे: कोणाच्या श्रमानें वांचलें. त्या रकान्यांत एकच नांव वारंवार येऊं लागलें, म्हणजे आम्ही लेखणी खालीं ठेवतों आणि लंगोटांची बादली उचलतों.