कुठवर आला?

‘लॅपटॉप चालू होत नाही’ एवढंच सांगून लोक पिशवी टेबलावर ठेवतात. त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: कुठवर येतो? दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? कंपनीचा लोगो दिसतो का, आणि लोगोखाली ठिपके गोल फिरतात का? रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या बहुतेकांना हे प्रश्न नको असतात. मशीन समोर आहे, उघडून बघा की, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी मात्र उत्तरं मिळेपर्यंत बटणाला हात लावत नाही. काल मशीन जिथवर येत होतं तिथवर आजही येईलच असं नसतं, आणि मधल्या वेळात काय घडलं ते फक्त त्या माणसाला ठाऊक असतं.

बटण दाबल्यापासून पासवर्डचा चौकोन दिसेपर्यंतच्या थोड्या सेकंदांत मशीनचा ताबा अनेकांच्या हातांतून जातो. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते, तसंच. आपल्या वाट्याचं अंतर चालायचं आणि पुढचा खांदा लागला की बाजूला व्हायचं. पहिला मान ईसीचा, म्हणजे बोर्डावरच्या एका छोट्या कंट्रोलरचा. लॅपटॉप बंद असतानाही तो जागा असतो. बटण दाबलं की अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी बघून तो एकेक व्होल्टेज क्रमाने सोडतो. मग प्रोसेसर उठतो आणि आठ पायांच्या एका चिपमधला प्रोग्राम चालवायला लागतो. लोक त्याला अजून बायोस म्हणतात, मीही म्हणतो. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या काळापासून ते नाव टिकून राहिलंय, आत मात्र आता यूईएफआय असतं. हा बायोस रॅम तपासतो, पडदा उजळतो, डिस्क शोधतो आणि डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमधून बूट मॅनेजर उचलतो. विंडोजमध्ये हे पार्टिशन बहुधा १०० एमबीचं असतं, आणि ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ते दिसत नाही म्हणून ते आहे हेच कुणाला माहीत नसतं. बूट मॅनेजर आपल्याकडची नोंद वाचून लोडरला बोलावतो. लोडर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि डिस्कचा ड्रायव्हर रॅममध्ये आणून ठेवतो. कर्नल उभा राहिला की विंडोज चालू झालं म्हणायचं.

पूर्वी हा सगळा कारभार डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांवर अवलंबून असायचा. त्यातले ४४६ सुरुवातीच्या प्रोग्रामला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन खुणेला. तेवढा एक सेक्टर गेला की आतला डेटा जागच्या जागी असूनही डिस्क कोरी दिसायची. आताच्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटाला ठेवलेली असते. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते, कारण त्या दुसऱ्या प्रतीवरून मी अनेकांची पार्टिशनं परत उभी केली आहेत.

ही वाट पाठ असली की लक्षणांचा अर्थ लागतो. पडदा काळा आहे, पण कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतोय: बायोस जागा आहे आणि काहीतरी सांगतोय. संकेत कंपनीगणिक वेगळे, पण आमच्या हवेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तक्रार बहुतेक वेळा रॅमचीच निघते. दमटपणाने तिच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो. आधी बॅटरीची वायर सोडवायची, मग रॅम काढून पट्ट्या खोडरबरने हलक्या पुसायच्या, आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ करायच्या, सुकल्या की परत बसवायच्या. रॅम हलवल्यानंतर काही मशीन पहिल्यांदा मिनिटभर काळीच राहतात, कारण बायोस रॅमशी नव्याने जुळवून घेत असतो. त्या मिनिटात घाबरून बटण दाबून ठेवू नये.

‘लोगोवर अडकतो’ ही तक्रार सगळ्यात फसवी. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीचा लोगो पडद्यावर तसाच राहतो आणि विंडोज आपले फिरते ठिपके त्याच्याखाली काढतं. बघणाऱ्याला दोन्ही एकच चित्र वाटतं. नुसता लोगो असेल, तर बायोस अजून डिस्कशी किंवा एखाद्या यूएसबी वस्तूशी झगडत असावा. मी आधी सगळे पेनड्राइव्ह, माउस, कार्ड काढायला लावतो. ठिपके दिसले, तर प्रोसेसर, रॅम, पडदा, डिस्कचं कनेक्शन, बूट मॅनेजर, लोडर या सगळ्यांनी आपलं काम केलेलं आहे आणि अडचण त्याच्या पुढे आहे. निळा पडदा आला की लोक हादरतात. मला तो चालतो. निळा पडदा म्हणजे कर्नल उभा राहिला, आणि का पडतोय हे सांगण्याइतका शुद्धीत आहे.

माझ्या धंद्यात सर्रास दिलं जाणारं उत्तर आहे ‘विंडोज टाकून देतो.’ काम दोन तासांचं, पैसे ठरलेले, मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खूश. डेटा गेल्याचं त्याला घरी गेल्यावर कळतं. मला या घाईचा राग येतो, आणि तो शब्दांत मवाळ करावा असं वाटत नाही. कुठे थांबलं हे न बघता फॉरमॅट मारणं ही दुरुस्ती नव्हे.

एका इंजिनीअरिंगच्या मुलीचा लॅपटॉप असाच दुसरीकडून ‘फॉरमॅटला पर्याय नाही’ असं सांगून परत आला होता. निळा पडदा, त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, आणि मग ऑटोमॅटिक रिपेअरची न संपणारी फेरी. तिला विचारलं, बंद पडण्याआधी काय केलं होतं? फुगलेली बॅटरी बदलून घेतली होती, आणि बदलणाऱ्याने बायोस ‘डिफॉल्ट’ करून दिला होता. एवढं पुरेसं होतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनमध्ये व्हीएमडी नावाचं एक सेटिंग कंपनीकडूनच चालू येतं. ते चालू असताना वेगळा ड्रायव्हर दिला नाही तर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, म्हणून विंडोज टाकणारे ते बंद करतात. हिचंही कधीतरी बंद केलेलं असणार. डिफॉल्ट केल्यावर ते पुन्हा चालू झालं, आणि कर्नलला आपली डिस्क ओळखता येईना. मी सेटिंग परत बंद केलं. मशीन चालू झालं, तिचा प्रोजेक्ट होता तिथे होता.

पावसचे एक बागायतदार आले ते एप्रिलात, अक्षय तृतीया तोंडावर आलेली असताना. जुना लॅपटॉप, आत फिरती हार्ड डिस्क, एक टीबीची.

‘काका, काल काय झालं?’

‘काही नाही ओ. डिस्क रिपेअर करतोय असं म्हणत होता, म्हणून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी बघतो तर आकडा तिथल्या तिथे.’

‘मधे बंद केलात?’

‘केला की. बंद करून परत लावला. टिकटिक असा आवाज येतो आतून.’

वाशीच्या दलालांकडून विक्रीच्या पट्ट्या येत होत्या आणि कुणाच्या आंब्याच्या किती पेट्या गेल्या याचा हिशेब टॅलीत. ते म्हणाले, ‘तुम्ही फक्त एकदा चालू करून द्या. हिशेब काढून घेतो, मग त्याचं काय ते करा.’

‘चालू करायला गेलो तर हिशेबच जाईल, काका.’

त्यांना ते पटायला वेळ लागला, आणि तो वेळ मी दिला. मरायला टेकलेल्या डिस्कवरून विंडोज चालू करणं म्हणजे तिच्यावर हजारो ठिकाणी वाचणं आणि शेकडो ठिकाणी लिहिणं. त्यातून चेकडिस्क चालली की ती वाचता न आलेल्या नोंदी आपल्या समजुतीने जुळवते, तोडते, टाकून देते. फाइलसिस्टीम नीटनेटकी करणं हे तिचं काम. तुमची फाइल वाचवणं हे तिचं काम नव्हे. धडधाकट डिस्कवर ती उत्तम, आजारी डिस्कवर ती घात करते.

मी डिस्क बाहेर काढून दुकानातल्या लिनक्सच्या मशीनला जोडली, माउंट न करता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती ‘स्मार्ट’ नोंद बघितली: ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा बघूनच कळलं की सेक्टर वाचताना डिस्क अडखळतेय. मग डीडीरेस्क्यू. अंतोनियो दियाझ दियाझ या गृहस्थांनी लिहिलेला हा प्रोग्राम गेली कित्येक वर्षं कुणाकडून पैसा न घेता जगभरच्या लोकांचा डेटा काढून देतोय. त्याची रीत मला फार आवडते. जिथे डिस्क सहज देते ते सगळं तो आधी घेतो. जिथे अडखळते तिथे हट्ट न करता उडी मारून पुढे जातो आणि ती जागा एका नकाशात लिहून ठेवतो. सोपं सगळं हाती आल्यावरच तो मागे वळतो, त्या दुखऱ्या जागांच्या कडा कुरतडत आत जातो. मधेच वीज गेली, आणि आमच्याकडे ती जाते, तरी नकाशावरून काम पुढे चालू होतं. डिस्क शेवटचा श्वास घेणार असेल, तर तोवर जास्तीत जास्त बाहेर आलेलं असावं, हा त्यामागचा हिशेब.

प्रत रात्रभर निघत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी अगदी थोड्या जागा उरल्या. त्यांतली एक विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या ‘सिस्टीम’ नावाच्या फाइलवर पडलेली होती, आणि मशीन चालू न होण्याचं कारण तेच. त्या फाइलीत कुठले ड्रायव्हर आधी घ्यायचे ते लिहिलेलं असतं; ती वाचता आली नाही की लोडर पुढे जाऊ शकत नाही. पूर्वी अशा वेळी ‘रेगबॅक’ फोल्डरमधली आपोआप ठेवलेली प्रत आणून बसवता यायची. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती ठेवणं बंद झालं. जागा वाचावी म्हणून. फोल्डर अजून आहे, फाइलींची नावंही आहेत, आकार शून्य. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. काही एमबी वाचवण्यासाठी अडलेल्या माणसाचा एक आधार काढून घेतला.

टॅलीचा फोल्डर मात्र अखंड निघाला. नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, फोल्डर जागेवर ठेवला, काकांनी माझ्या टेबलावरच दलालाची पट्टी उघडून पेट्या जुळवायला घेतल्या. तिथे विंडोज टाकलंच ना, असं कुणी म्हणेल. टाकलं, पण वेगळ्या डिस्कवर, आणि प्रत हातात आल्यानंतर.

कुठवर आला, या प्रश्नाचं महत्त्व अख्ख्या जगाला १९ जुलै २०२४ ला कळलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेला बोर्डिंग पास दिला गेला, त्याचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली होती. पण अडकलेली मशीन बहुधा नेटवर्क जोडलं जाण्याच्या आतच कोसळत होती, तर सुधारलेली फाइल त्यांच्यापर्यंत पोचणार कशी? शेवटी माणसांना एकेका मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल हाताने पुसावी लागली. त्या दिवसांत फॉरमॅट मारायची कुणालाच गरज नव्हती.

त्या वेळी आणखी एक गोष्ट अनेकांना आडवी आली, आणि ती माझ्याकडे आता सारखी येते: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप. बायोस अपडेट झाला, सेटिंग बदललं, बोर्ड बदलला की पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. आजकाल लॅपटॉप नवा घेताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या अकाउंटात जाते. एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं अकाउंट लॅपटॉप घेतला त्या दिवशी विकणाऱ्या मुलानेच काढून दिलं होतं. कुठल्या ईमेलवर, हे कुणालाच माहीत नाही. डिस्क ठणठणीत, विंडोज ठणठणीत, नातवंडांचे फोटो आत, आणि मी काही करू शकत नव्हतो. ते कुलूप तोडता येत नाही; येऊ नये म्हणूनच ते बनवलंय. चोरीला गेलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत हे मला पूर्ण मान्य आहे. बाईंना मात्र ते सांगणं फार जड गेलं.

त्यात आता स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डावरच झाळलेली असते. बाहेर काढून दुसऱ्या मशीनला जोडायची सोय नाही. बोर्ड गेला तर मी ज्या क्रमाने आयुष्यभर काम केलं, आधी प्रत आणि मग दुरुस्ती, तो क्रम पाळायला जागाच उरत नाही. म्हणून हल्ली कुणी नुसता चार्जर घ्यायला आलं तरी मी विचारतो: रिकव्हरी की कुठे आहे, आणि फोटो आणखी कुठे ठेवलेत? बरेचजण नाही म्हणतात. मग त्यांना खुर्ची देतो, फोनवर अकाउंट उघडायला लावतो, आणि ते ४८ आकडे कागदावर त्यांच्याच हातांनी उतरवून घेतो, सहा-सहा करून, दोनदा ताडून.