फेकायचा दगड

नागपूर, रविवार दुपार

चि. चिऊ,



तू जर्मनीतल्या एसेनहून पाठवलेला फोटो काकूनं फ्रीजवर लावलाय. तू, तुझी भाड्याची सायकल आणि मागं त्सोलफेराइनचा तांबूस लोखंडी मनोरा. कोळशाची ती खाण 1986 मध्ये बंद पडली, 2001 मध्ये जागतिक वारसा झाली आणि जिथून कोळशाच्या वाघिणी जायच्या तिथून आता माणसं लेकराबाळांसह सायकली चालवतात, हे सगळं तू हौसेनं लिहिलंस. मग शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलंस, “आपल्या गच्चीच्या दाराला लावलेला काळा दगड कसला आहे, काका? इथं काचेच्या पेटीत ठेवलाय तसाच दिसतो.”

फोनवर सांगितलं असतं, पण तू “हो का?” म्हणून पुढच्या विषयावर गेली असतीस. म्हणून कागद घेतला.

तो दगड तुझ्या आबाजींचा. माझ्या जन्माआधी ते रामटेकजवळच्या एका छोट्या मॅंगनीजच्या खदानीत हजेरीबाबू होते. आपल्याकडे खाण कोणी म्हणत नाही, खदानच म्हणतात. मस्टरची पानं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तो दगड त्यांच्या टेबलावर असायचा. एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं गेल्या हिवाळ्यात कळलं, तेही सायकलमुळे.

निवृत्तीनंतर गिअरची सायकल घेतली हे तुला माहीत आहेच. 2017 मध्ये अमेरिका आरपार करणारी शर्यत एकट्यानं पुरी करणारे डॉ. अमित समर्थ आपल्याच नागपूरचे, त्यामुळे इथं रविवारी पहाटे हेल्मेटवाल्यांची जत्राच असते. मला ती घाई झेपत नाही. मी माझी वाट शोधली. पहाटे साडेपाचला निघायचं, कामठी मागं टाकायची, कन्हानचा पूल ओलांडायचा. तिथपर्यंत मजा नाही. तो पट्टा कोळशाचा. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खदानी अजून चालू आहेत, ट्रक अंगावर येतात आणि रुमाल काळा होतो. पुढं जबलपूरचा महामार्ग सुरू होतो, तो सोडून उजवीकडच्या गावरस्त्यांना लागायचं. साटक, बेलडोंगरी, नगरधन आणि मग रामटेक.

या रस्त्यांवर डिसेंबरात काय असतं सांगू? धान कापून झालेलं असतं, बांध्यांमध्ये पाखरं उतरलेली असतात. धुऱ्यावर तुरी उभ्या. धुकं उठलं की लांबवर गडमंदिर दिसायला लागतं आणि ते शेवटपर्यंत दिसत राहतं, त्यामुळे वाट चुकायची सोयच नाही. पाच-दहा मिनिटांत एखादी बैलबंडी, एखादी फटफटी, शाळेत निघालेल्या दोन पोरी. बाकी आपल्याच साखळीचा आवाज. रामटेकच्या बसस्टँडजवळ तर्री पोहा खायचा, मोसमात शिंगाडे बांधून घ्यायचे आणि ऊन चढायच्या आत परत. आलेल्या पाहुण्याला आपण कालिदास दाखवतो, वाकाटकांचं नगरधन दाखवतो. पण रस्त्याच्या कडेला झुडपांत दडलेले काळपट ढिगारे आणि हिरव्या पाण्याचे खड्डे कोणी दाखवत नाही. मीही कितीतरी दिवस त्यांच्याकडे न बघताच पुढं जात होतो.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नकोस. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट असा साधारण दोनशे किलोमीटरचा मॅंगनीजचा कमानीसारखा पट्टा आहे. 1896 मध्ये इंग्रजांचं एक सिंडिकेट इथं शोधाला लागलं आणि विसावं शतक उजाडता उजाडता मनसरला खणायला सुरुवात झाली. मग कांद्री, साटक, बेलडोंगरी, कचरवाही, लोहडोंगरी, मांद्री अशी खदानींची रांगच लागली. त्यातलं ‘लोहडोंगरी’ हे नाव बघ. काळा जड दगड पाहून जुन्या माणसांनी त्याला लोखंडच समजलं असावं. ते फार चुकले नाहीत, कारण मॅंगनीजचा मोठा उपयोग पोलादातच आहे. टनाला सहा ते नऊ किलो लागतं आणि त्याला पर्याय नाही. 1882 मध्ये हॅडफील्ड नावाच्या इंग्रजानं भरपूर मॅंगनीज घालून असं पोलाद केलं, की ते ठोके खाऊन आणखी कठीण होतं. रेल्वेचे रूळ जिथं एकमेकांना छेदतात तिथं तेच लागतं. आपल्याकडचा माल रेल्वेनं बंदराला आणि तिथून युरोपला जायचा, जर्मनीलाही. तुझ्या सायकलवाटेजवळच्या एखाद्या जुन्या रुळात रामटेकची कणभर माती असेलही.

ब्रिटिश कंपनीबरोबर सरकारचा करार होऊन 1962 मध्ये मॉयल ही मॅंगनीजची कंपनी झाली आणि 1977 मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव इथलं काम आजही चालू आहे. म्हणजे तुमच्या एसेनच्या रूर भागासारखं नाही. तिकडं 2018 मध्ये शेवटची कोळसा खाण बंद करून एका युगाला रीतसर निरोप दिला. इथं तसा निरोप कधी झालाच नाही. बऱ्याच मोठ्या खदानी जमिनीखाली गेल्या, लहान खदानी भाव पडला की एकेक करून उठल्या. 1949 नंतर रशियानं अमेरिकेला मॅंगनीज देणं आवळलं, पाठोपाठ कोरियाचं युद्ध आलं आणि आपल्याकडच्या मालाला सोन्याचे दिवस आले. छोट्या मालकांनीही जमिनी उकरल्या. आबाजींना नोकरी लागली ती त्याच तेजीत. युद्ध संपलं, भाव उतरला, खदान बंद झाली. आबाजी हर्क्युलस सायकल आणि एक ट्रंक घेऊन नागपूरला आले आणि इतवारीत एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहायला लागले.

आता दगडाकडे येतो. गेल्या डिसेंबरात मी तो दगड पिशवीत टाकून नेला. आबाजींचा ढिगारा कुठला असेल, जुळतो का बघावं, एवढाच विचार. वाटेत एका गावात हापशीवर पाणी भरत होतो. ओट्यावर एक म्हातारी ऊन खात बसली होती. दगड दिसल्यावर म्हणाली, “काहून घेऊन फिरता जी?” मी म्हटलं, माझे वडील खदानीत बाबू होते, हा त्यांचा मॅंगनीज. तिनं हात पुढं केला. दगड तळव्यावर घेतला, दोनदा अलगद वर-खाली केला आणि परत दिला. “हा माल नाही. हा फेकायचा गोटा आहे. हलका आहे ना.”

तिची आई आणि ती स्वतःही लहानपणी दगड निवडायला जायच्या. बाप्ये खणायचे, बाया हातोडीनं फोडायच्या आणि निवडायच्या. चांगल्या मालाचा चट्टा लावायचा, तो मोजून मजुरी मिळायची. नुसत्या डोळ्यांना काळा तो सगळा सारखाच, म्हणून हातानं तोलायचं. जड ते चट्ट्यात, हलकं ते मागं. तासन्‌तास. इतक्या वर्षांनी तिचा हात ते विसरला नव्हता.

घरी येऊन भिंग लावलं तेव्हा दिसलं. काळ्यात तपकिरी-नारिंगी बारीक मणी आणि मधूनमधून पांढरी गार. या दगडाला गोंडाइट म्हणतात. फर्मॉर नावाच्या भूवैज्ञानिकानं 1909 मध्ये भारतातल्या मॅंगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. गार्नेट आणि गारेच्या या खडकाला नाव देताना त्यानं इथल्या गोंडांचं नाव घेतलं. ज्या गोंड राजानं नागपूर वसवलं त्याच बख्त बुलंदाचे लोक. जगभरातल्या पुस्तकांत हे नाव गेलं आणि खदानीत मात्र तोच दगड टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यावर गेला.

मग आबाजींनी टेबलावर फेकायचा गोटा का ठेवला असेल? त्यांच्याकडे तर जड, चकाकणारा, बोटं काळी करणारा चांगला माल ढिगानं पडलेला होता. आजी हसायची, “लोकं खदानीतून काय काय आणतात, यायनं गोटा आणला.” मला वाटतं उत्तर तिच्या हसण्यातच होतं. माल मालकाचा होता, त्याचा तुकडाही मोजलेला. हा एकच दगड असा होता, की तो उचलला तर कोणाच्या हिशेबात एक चिमूटही कमी होणार नव्हती. धान्याच्या दुकानातही ते असेच होते. घरची ज्वारी दुसऱ्या दुकानातून आणायचे.

तू लिहिलंस, तुमच्याकडे सायकलवाटा मुद्दाम बांधल्या. इथं कोणी बांधल्या नाहीत. खदान उठली, ट्रक गेले, माणसं कामाला नागपूर-भिलाईला गेली आणि उरलेल्या रस्त्यावर शांतता आपोआप आली. मला ती शांतता आवडते, हे लपवत नाही. पण हापशीवर पाणी भरताना आता थोडं ओशाळायला होतं. त्या म्हातारीला ती शांतता आवडते का, हे मी विचारलं नाही.

तो दगड पार्सलनं पाठवत नाही. डिसेंबरात ये. काकूची सायकल तुझ्या उंचीला बसेल, सीट तेवढी वर करू. खड्ड्यांच्या काठाशी मात्र जायचं नाही. पाणी खोल आहे आणि कडा ठिसूळ. मनसरला मॅंगनीजचा खरा तुकडा कोणाकडे तरी मिळेल, तो उजव्या हातात घे, आबाजींचा डाव्या हातात. डोळे मिट आणि सांग.

तुझा,
काका