बॅकअपची प्रचीती

बॅकअप घेणारे पुष्कळ असतात. तो परत उतरवून पाहणारे थोडे. प्रत घेऊन कपाटात ठेवली की मनाला स्वस्थता येते आणि त्या स्वस्थतेलाच आपण सुरक्षितता समजतो. वास्तविक ती प्रत एखाद्या कोऱ्या डिस्कवर उतरून संगणक तिच्यावर चालू होईपर्यंत आपल्या हाती केवळ एक भरवसा असतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या संगणकाची हार्ड डिस्क बदलावी लागली, तेव्हा हा भरवसा कसाला लागला.

हार्ड डिस्कचे आयुष्य तसे कष्टाचेच. आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि मजकूर वाचणारे टोक त्यांना न टेकता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून सरकत असते. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. माझी ५०० जीबीची डिस्क तळहातावर राहील एवढी. परंतु ती तेरा वर्षे फिरत होती आणि अलीकडे तिच्यातून मधूनच टकटक ऐकू येऊ लागली होती. या आवाजाचा अर्थ फारसा शुभ नसतो. तिच्या जागी १ टीबीची एसएसडी आणली. हिच्यात फिरणारे काहीच नाही. सारा मजकूर चिपांमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहतो.

“मावशी, फायली तेवढ्या पेन ड्राइव्हवर घे, बाकी सगळं नव्यानं टाकू,” असे भाच्याने सुचवले. बहुतेकांना हाच सल्ला योग्य ठरेल. माझी अडचण निराळी होती. आईने सांगितलेल्या जात्यावरच्या सुमारे चारशे ओव्या मी २००३ च्या आसपास टंकून ठेवल्या होत्या. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची असली, तरी घरगुती संगणकावर मराठीसाठी ते अजून रुळलेले नव्हते. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे एक प्रकारचे सोंगच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काना एका जागी, अर्धा स दुसऱ्या, रफार तिसऱ्याच. फाँट असेल तर ओवी दिसणार, नसेल तर रोमन अक्षरांचा नुसता भुसा. फाँट एक वेळ उचलून नेता आला असता. पण माझ्या फायली ज्या प्रणालीत होत्या, ती सोडून दुसरीकडे कुठे त्या उघडतच नाहीत, आणि त्या प्रणालीची सीडी कधीच निकामी झाली आहे. म्हणजे अक्षरे वाचवून भागणार नव्हते; ती वाचण्याची सोयही वाचवायला हवी होती. आई आता नाही. दुसऱ्यांदा विचारून लिहून घेण्याची वाट बंद झालेली.

म्हणून मी सिस्टिम इमेज घेतली. हिच्यात फायलींबरोबर डिस्कचे विभाग, संगणक सुरू करणारा भाग, प्रणाली, फाँट, शब्दकोशात आपण भरलेले शब्द, सारे जसेच्या तसे येते. शिवाय घेतलेली प्रत मुळाशी ताडून पाहण्याची सोय असते. मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक आकडा काढला जातो; पुढे कुठे एक बिंदू जरी बदलला, तरी तो आकडा जुळत नाही. लीळाचरित्राची मूळ पोथी खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. हिराइसेच्या पाठासारखे निरनिराळे पाठ त्यातून झाले. यंत्राच्या प्रतीत असे पाठभेद होत नाहीत, हे खरे. मात्र मधला तुकडा बिघडला, तर अर्थाच्या आधाराने तो सावरून घेणारी हिराइसाही तिथे नसते.

जुनी डिस्क काढून खणात ठेवली, एसएसडी बसवली आणि पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला. इमेज कुठून घ्यायची आणि कुठे उतरवायची, एवढे दोनच प्रश्न पडद्यावर होते. या सबंध उद्योगात भय वाटावे असे हेच एक ठिकाण. इमेज ठेवलेली बाहेरची डिस्कही १ टीबीचीच होती, आणि दोन्हींपुढे आकडा एकच, ९३१ जीबी. (उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४ च्या, म्हणून ही तूट.) चुकीच्या ओळीवर बोट पडले असते, तर प्रतच पुसली गेली असती. जिच्यात एकही विभाग दिसत नाही ती नवी, हे दोनदा पाहून मगच होकार दिला.

पावणेदोन तास गेले. पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. भाच्याने बायोसमध्ये जाऊन एसएसडीचा क्रम पहिला लावला आणि मिनिटभरात माझा जुना पडदा, त्यावरच्या अस्ताव्यस्त फोल्डरांसकट, समोर उभा राहिला. इतका नवा भाग आणि इतका जुना पसारा! ओव्यांची फाइल उघडली. शेवटच्या पानापर्यंत गेले. रफार आपापल्या जागी होते.

अर्धी डिस्क मात्र रिकामी असूनही वापरता येत नव्हती. इमेजने जुने विभाग जुन्याच मापाने आणले होते. त्यातला दुरुस्तीसाठी राखलेला छोटा विभाग मध्येच आडवा आलेला, तो सरकवून मुख्य विभाग वाढवावा लागला. ते काम दुसऱ्या दिवशी झाले.

जुन्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी लावून ती न पुसता ठेवली आहे. ओव्या आता युनिकोडमध्ये आणते आहे. फाँट बदलून देणारी साधने मिळतात, पण रफाराशी आणि आईच्या बोलीतल्या ‘ऱ्हा’शी ती अडखळतात, त्यामुळे प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. रोज पाच-सहा ओव्या होतात. सध्या दीडशेपर्यंत पोचले आहे.