हातकणंगल्याचे बांध आणि घोड्याची परीक्षा

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा पटकवा. पंचगंगा ओलांडली, रुकडी मागे पडली, की येतं हातकणंगले. इचलकरंजीला रेल्वे नाही, त्यामुळे तिकडचे प्रवासीही इथेच उतरतात. तुम्हीही उतरा आणि गावाबाहेर शेतांकडे चला. एका अंगाला आळत्याजवळचा रामलिंगचा डोंगर, खाली ऊस. वाटेत काय काय लागतं पाहा. शेताचे बांध, पाटाचं पाणी, ओढा, कुठे आडवं पडलेलं बाभळीचं खोड. हे सगळं घोड्यावरून ओलांडायचं म्हटलं तर?

अगदी अशीच एक ऑलिंपिक स्पर्धा आहे. तिचं नाव इव्हेंटिंग. एकच स्वार, एकच घोडा आणि परीक्षा तीन! पहिली ड्रेसाज. मोजून आखलेल्या मैदानात घोडा चालवायचा, वळवायचा, थांबवायचा. तोही ओढाताण न करता. दुसरी क्रॉसकंट्री. म्हणजे आपल्या बांध-ओढ्यांसारखेच पक्के अडथळे, उघड्या रानात, ठरलेल्या वेळेत पार करायचे. तिसरी शो जंपिंग. इथे दांड्या नुसत्या टेकवलेल्या असतात. एक पडली की चार दंडगुण! शेवटी ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो पहिला.

ही परीक्षा मुळात घोडदळाची. घोडा शिस्तीचा आहे का, दमदार आहे का, नि दमल्यावरही उडी घेतो का, हे तीत पाहत. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ती प्रथम आली, तेव्हा फक्त सैनिकच भाग घेत. आज मुलगे नि मुली एकाच स्पर्धेत, बरोबरीने उतरतात.

घोडदळ म्हटलं, की या मुलखाची आठवण होणारच. सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी नारो महादेव जोशी होते. निष्ठेपोटी त्यांनी घोरपडे हेच आडनाव लावलं. पुढे शेजारच्या इचलकरंजीची जहागीर त्यांच्याच घराण्यात होती. मोगलांचे घोडे पाणी पिईनात, तेव्हा त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसतात, असं म्हणत. ही आख्यायिका तुम्ही ऐकलीच असेल.

गंमत अशी, की घोडा पाण्याला खरंच बुजतो! पाण्याचा तळ त्याला कळत नाही. क्रॉसकंट्रीत तो ओढ्याशी अडला, की 20 दंडगुण. मग नवा स्वार काय करतो? चाबूक उगारतो? छे! सरावात तो आधी उथळ पाणी निवडतो, पुढे एक जाणता घोडा घालतो आणि आपल्या घोड्याला वास घेऊ देतो, थांबू देतो. एकदा पाऊल पडलं, की भीती निम्मी होते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण बरोबर शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून मागून कधी जाऊ नका. बोलत बोलत डाव्या खांद्याकडून जा. उडीच्या अगदी शेवटच्या क्षणी त्याला अडथळा नीट दिसत नसतो. तो तुमच्यावर विसंबून झेप घेतो. आता सांगा, हा विश्वास एका दिवसात मिळेल?

तेव्हा सुरुवात उडीने नाही, खराऱ्याने होते. आधी अंग घासायचं, खूर साफ करायचे, तोबरा भरायचा. मग शिक्षक लांब दोरीवर घोडा गोल फिरवतात आणि तुम्ही फक्त मांड पक्की करता. मग चाल, मग दुडकी, मग दौड. जमिनीवर ठेवलेल्या दांडीवरून नुसतं चालत जाणं, ही तुमची पहिली 'उडी'! हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून हवंच. आणि वरातीच्या घोडीवर मालकाला न विचारता चढणं? मुळीच नाही!

घोडा विकत घ्यायलाच हवा, असंही नाही. मुंबई-पुण्याच्या रायडिंग क्लबात क्लबाच्याच घोड्यावर शिकता येतं. एनसीसीच्या काही तुकड्यांकडे घोडे असतात आणि खडकवासल्याच्या एनडीएत तर प्रत्येक कॅडेटला घोडेस्वारी शिकावी लागते.

1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी 'शहजादा' घोड्यावर इव्हेंटिंगचं सुवर्णपदक जिंकलं. नंतर 36 वर्षं आपल्याला वैयक्तिक पदक नव्हतं! 2018 मध्ये जकार्त्याला फौआद मिर्झाने रौप्य मिळवलं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तो 23 वा आला.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. मोठ्या स्पर्धेत शेवटच्या परीक्षेआधी पशुवैद्य घोडा चालवून, पळवून पाहतात. तो लंगडला, तर स्पर्धा तिथेच संपते. मग तुम्ही पहिले असा नाहीतर शेवटचे. तेव्हा हा नियम अन्याय वाटणार नाही, उलट तुम्हीच आधी खाली उतराल, त्या दिवशी समजा, तुम्ही स्वार झालात!